एका युनिटचा भाव कोण ठरवतं

मालवणच्या किनाऱ्यावर विजेचा भाव सर्वांत आधी बर्फात दिसतो. बर्फाच्या कारखान्यात पाऊल टाकलं की अमोनियाचा वास नाकात बसतो आणि कॉम्प्रेसरची धडधड तळपायांना जाणवते. मिठाच्या पाण्याच्या लांबलचक टाकीत पत्र्याचे उंच डबे ओळीनं बुडवलेले असतात. डब्यातलं गोडं पाणी गोठून त्याची लादी व्हायला रात्र आणि दिवस जातो, आणि मध्ये यंत्र बंद ठेवण्याची सोय नाही. लादी धरली की डबा साखळीनं वर उचलायचा, साध्या पाण्यात बुडवून सैल करायचा आणि लादी घसरवत क्रशरकडे न्यायची. तिथून चुरा थेट गाडीत, गाडीतून होडीवर. एका कारखानदारानं सगळा हिशेब एका वाक्यात सांगितला, “पाणी काय, विहिरीचा. पैसे जातत ते लायटीचे.”

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘किंमत’ हा विषय कळवला, तेव्हा मासळीवर लिहिण्याचा मोह होता. बंदरावर सुरमईचा लिलाव होतो तेव्हा बोली सगळ्यांच्या कानांवर पडते आणि भाव कुणी, किती वाढवला ते समोर दिसतं. विजेचा भावही अशाच उघड्या बोलाचालीतून ठरावा, असं कायद्यात लिहिलेलं आहे. पण ती बोलाचाल कुठे होते, तिथे कोण बोलतं आणि मालवणचं म्हणणं तिथे कोण मांडतं, हे किनाऱ्यावर विचारलं तर बहुतेक जण खांदे उडवतात. देवबागात खोल्या देणाऱ्या एका बाईंनी बिल माझ्यापुढे धरलं आणि उलट मलाच विचारलं, “हो दर ठरयता तरी कोण? बोर्ड काय सरकार?” त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं, एवढ्यासाठी हा लेख.

ना बोर्ड, ना सरकार

गावात अजून सगळे ‘बोर्ड’ म्हणतात. पण महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं विभाजन 6 जून 2005 रोजी झालं. वीज तयार करण्याचं काम महानिर्मितीकडे गेलं, मोठ्या वाहिन्यांवरून ती आणण्याचं महापारेषणकडे आणि घरोघर पोचवून बिल वसूल करण्याचं महावितरणकडे. महावितरणचे राज्यात सुमारे तीन कोटी ग्राहक आहेत. सिंधुदुर्गाचा कारभार कंपनीच्या कोकण परिमंडलातून चालतो.

यातली एकही कंपनी आपला दर आपण ठरवत नाही. राज्य सरकारही ठरवत नाही. तो अधिकार महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा. मुंबईत कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या 13व्या मजल्यावर त्याचं कार्यालय आहे. आयोग 1999 साली स्थापन झाला आणि आज तो विद्युत कायदा, 2003 प्रमाणे काम करतो. त्या कायद्याच्या कलम 62 नुसार दर आयोगानं ठरवायचा. कलम 64 नुसार कंपनीनं अर्ज करायचा, त्याचा गोषवारा जाहीर करायचा, लोकांच्या सूचना-हरकती घ्यायच्या आणि अर्ज दाखल झाल्यापासून 120 दिवसांत आयोगानं निकाल द्यायचा. सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल, तर कलम 65 सांगतं की फरकाची रक्कम सरकारनं आगाऊ भरावी. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल 2024 पासून मोफत वीज आहे, ती अशीच. माडांच्या बागेतल्या त्या पंपाचा दर आयोगानं ठरवलेला असतो, फक्त पैसे सरकारी तिजोरीतून जातात.

आयोगाची निर्मिती झाली त्या काळाशी कोकणाचा जवळचा संबंध आहे. गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पाच्या महाग विजेचा वाद तेव्हा ऐन भरात होता. मंडळानं मे 2001 मध्ये ती वीज घेणं थांबवलं. वीजखरेदीचे मोठे करार बंद दाराआड होतात आणि त्यांचं ओझं बिलातून उतरतं, हे महाराष्ट्रानं त्या प्रकल्पात पाहिलं. खर्चाचा हिशेब चारचौघांत तपासला गेला पाहिजे, ही मागणी त्या अनुभवातून पक्की झाली.

खर्चाची बेरीज

दर ठरतो तो बेरीज आणि भागाकारातून. येत्या वर्षात वीजपुरवठ्यासाठी किती खर्च येईल, याची यादी कंपनी आयोगापुढे ठेवते. तिला वार्षिक महसुली गरज म्हणतात. यादीत सगळ्यात वर वीजखरेदी असते आणि एकूण खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग तीच खाते. मग पारेषणाचं भाडं, वायरमनपासून अभियंत्यापर्यंतचे पगार, देखभाल-दुरुस्ती, खांब-वाहिन्यांचा घसारा, कर्जावरचं व्याज आणि भागभांडवलावरचा परतावा. यातून कंपनीची इतर मिळकत वजा करायची. उरलेल्या रकमेला वर्षभरात विकल्या जाणाऱ्या युनिटांनी भागलं की एका युनिटचा सरासरी पुरवठा खर्च निघतो.

आयोगाचं खरं काम या यादीवर रेघा मारण्याचं. वीजखरेदीत स्वस्त वीज आधी आणि महाग वीज नंतर, हा क्रम पाळला का, हे पाहिलं जातं. गळतीचं उद्दिष्ट आयोग घालून देतो. कंपनीला ते गाठता आलं नाही, तर त्या तोट्याचा काही हिस्सा तिनंच सोसायचा असतो. कोळसा महागला तर तो कंपनीच्या हातातला विषय नाही, म्हणून तो फरक इंधन समायोजन आकाराच्या रूपानं बिलात येतो. वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष खर्च आणि मंजूर खर्च यांची ताळेबंदानुसार पडताळणी होते. तूट निघाली तर ती पुढच्या दरात चढते, आणि वसुलीला उशीर झाला तर व्याजासकट चढते. म्हणून ‘यंदा दर वाढला नाही’ ही बातमी दरवेळी आनंदाची असतेच असं नाही. आज टाळलेली वाढ दोन वर्षांनी व्याज घेऊन दारात उभी राहू शकते.

पूर्वी हे दरवर्षी पहिल्यापासून चालायचं. आता आयोग पाच वर्षांचा नियंत्रण काळ धरतो, प्रत्येक वर्षाचा दर आधीच जाहीर करतो आणि मधल्या टप्प्यावर फेरआढावा घेतो. सध्याचा काळ 2025-26 ते 2029-30 असा आहे. म्हणजे दर एप्रिलला बिलात होणारा बदल त्या वर्षी ठरलेला नसतो. त्याचा निकाल कितीतरी आधी लागलेला असतो.

शंभराच्या पुढचं युनिट

सरासरी खर्च निघाला तरी तो सगळ्यांना सारखा लागत नाही. देवबागातल्या त्या बाईंना मी 2024-25 च्या दरानं हिशेब मांडून दाखवला. घरगुती ग्राहकाला पहिल्या 100 युनिटांपर्यंत वीज आकार 4 रुपये 71 पैसे आणि वीज पोचवण्याचा वहन आकार 1 रुपया 17 पैसे, म्हणजे युनिटमागे 5 रुपये 88 पैसे. 101 ते 300 युनिटांपर्यंत वीज आकार 10 रुपये 29 पैसे, वहन आकार तोच, म्हणजे 11 रुपये 46 पैसे.

दीडशे युनिटं जळाली तर? पहिल्या शंभरांचे 588 रुपये, पुढच्या पन्नासांचे 573 रुपये. पन्नास युनिटांनी शंभर युनिटांची जवळजवळ बरोबरी केली. वर स्थिर आकार, इंधन समायोजन आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. वीज शुल्क सरकारचं, आयोगाचा त्याच्याशी संबंध नाही. बाईंनी कागद आपल्याकडे ओढला आणि म्हणाल्या, “म्हणजे शंभरार थांबलंय तर वाचलंय.”

या पायऱ्यांमागे विचार आहे. ज्या घरात दोन पंखे, चार दिवे, टीव्ही आणि फ्रिज आहे त्या घराला वीज परवडावी, म्हणून पहिली पायरी सरासरी खर्चाच्या खाली ठेवतात. राहिलेला भार वरच्या पायऱ्यांवर, दुकानांवर आणि कारखान्यांवर टाकतात. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. राष्ट्रीय दर धोरण सांगतं की कोणत्याही वर्गाचा दर सरासरी खर्चाच्या 20 टक्के वर-खालीच राहावा. प्रत्येक आदेशात ओढाताण होते ती याच पट्ट्यात. उद्योग म्हणतात आमचा दर कमी करा, शेजारच्या राज्यांशी आम्हाला स्पर्धा करायची आहे. तो कमी केला की वजन कुठेतरी दुसरीकडे सरकतं.

बर्फाचा कारखाना या मांडणीत उद्योगात मोडतो. आयोगाच्या आदेशांत लघुदाब उद्योगांच्या यादीत पिठाची गिरणी आणि मसाल्याच्या गिरणीच्या पंगतीला बर्फाचा कारखाना आहे. कोळंबीची शेती मात्र ‘कृषी-इतर’ या वेगळ्या वर्गात. एकाच खाडीकाठी, एकाच डीपीवर, मासळीच्याच धंद्यातले दोन शेजारी दोन वेगळे दर भरतात. शिवाय राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, बर्फाला गिऱ्हाईक नसतं. तरी स्थिर आकार येतोच, कारण तो वापरलेल्या युनिटांवर लागत नाही. जोडणीसाठी राखून ठेवलेल्या क्षमतेचं ते भाडं असतं. कंपनीच्या बाजूनं पाहिलं तर हे रास्त आहे, कारण तिचे खांब आणि करार पावसाळ्यातही चालू असतात. कारखानदाराच्या बाजूनं पाहिलं तर दोन महिने आवक शून्य. हा झगडा ऐकला जावा यासाठीच सुनावणी असते.

घर की धंदा

तारकर्ली, देवबाग, वायरी या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत घरांना खोल्या जोडल्या गेल्या. समोर माड, मागे खाडी, अंगणात पर्यटकांच्या गाड्या. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या मासेमारीवर, जाणाऱ्या घरातली पुढची पिढी आता पर्यटकांचं जेवणखाण पाहते. घर तेच आणि मीटरही तोच. मग ही वीज घरगुती की व्यापारी?

आयोगाच्या दर आदेशांत याला उत्तर आहे आणि ते किनाऱ्यावर फार थोड्यांना ठाऊक आहे. घराच्या काही भागात धंदा करणाऱ्याचा वापर महिन्याला 300 युनिटांपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात एकूण 3600 युनिटांपर्यंत असेल, तर त्याला घरगुतीच दर लागतो. आर्थिक वर्ष संपल्यावर वापर तपासला जातो. 3600 ओलांडले असतील, तर आधी कळवून पुढे दुसरा दर लावायचा असतो. मसाला कुटून विकणारी, आगळ आणि कोकम बाटल्यांत भरणारी, दोन खोल्या देणारी, सगळी घरं या नियमाच्या छायेत येतात.

आता हाच नियम पर्यटनाच्या हंगामावर ठेवून पाहू. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर साधारण दहा युनिटं घेतो. दोन खोल्या महिन्यात पंधरा रात्री भरल्या की 300 युनिटं तिथेच झाली, घराचा वापर वेगळाच. मे महिन्यात आणि नाताळात ही रेघ सहज ओलांडली जाते आणि पावसाळ्यात मीटर जेमतेम हलतो. वर्षाची सरासरी काढली तर बऱ्याच घरांचा वापर मर्यादेत बसेल, पण महिन्याची मर्यादा हंगामाला जागा देत नाही. पुण्यातल्या शिवणकाम करणाऱ्या घराला जी अट जमते, ती हंगामी पाहुण्यांवर चालणाऱ्या मालवणच्या घराला काचते. हंगामी पर्यटनाच्या गावांसाठी फक्त वार्षिक मर्यादा धरावी, असा मुद्दा आयोगापुढे मांडता येतो. तो मांडायचा तर कुणीतरी लिहून द्यायला हवा.

नव्या दररचनेतही किनाऱ्याचं असंच दुखणं आहे. सौरऊर्जेमुळे दिवसा वीज स्वस्त झाली, म्हणून आयोगानं स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर सवलत ठेवली. ती युनिटमागे 80 पैशांपासून सुरू होऊन नियंत्रण काळात 1 रुपयापर्यंत जाते. उद्योगांनाही आता सवलत दिवसा आणि जादा आकार संध्याकाळी. पण पर्यटक दिवसा समुद्रावर असतो, एसी लागतो तो रात्री. बर्फाचं यंत्र तर रात्रंदिवस चालतं. सौर विजेचा फायदा या गावांपर्यंत पोचवायचा असेल, तर बर्फाच्या टाक्यांचं इन्सुलेशन सुधारून थंडी दिवसा साठवून ठेवण्यासारख्या उपायांचा विचार करावा लागेल. सवलत जाहीर झाली म्हणून ती आपोआप घरात येत नाही.

वादळाचं बिल

16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं. मालवण, वेंगुर्ला, देवगड तालुक्यांत खांब आडवे झाले, माड तारांवर पडले आणि अनेक वाड्या कित्येक दिवस अंधारात राहिल्या. नळाला पाणी नाही, मोबाइल बंद, बर्फ नाही. वायरमन लोकांनी कमरेएवढ्या पाण्यातून वाट काढत तारा ओढल्या, मदतीला बाहेरच्या जिल्ह्यांतून तुकड्या आल्या. लाइट आली त्या रात्री लोकांनी त्यांना घरी बोलावून जेवू घातलं, असं अनेकांनी मला सांगितलं.

वादळ हा वर्षा-दोन वर्षांतला प्रसंग. खारा वारा मात्र बारमाही. किनाऱ्यालगतचा लोखंडी खांब बुडाशी गंजतो, इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो आणि पहिल्या पावसाच्या झिमझिमीत ठिणग्या उडून फिडर (गावाला वीज आणणारी वाहिनी) ट्रिप होतो. झावळ पडलं तरी तेच. मालवणात भेटलेल्या एका वायरमननं खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तेव्हा पत्र्यासारखे पापुद्रे सुटून त्याच्या चपलेवर पडले. “ह्यो घाटावर असतो तर अजून पंधरा वर्सां गेलो असतो,” तो म्हणाला.

यावर उपाय माहीत आहेत: भूमिगत वाहिन्या, वेष्टन असलेल्या तारा, सिमेंटचे किंवा गंजरोधक खांब. पण भांडवली खर्च दरात कसा येतो, ते समजून घेतलं पाहिजे. कंपनीनं कर्ज आणि भांडवल घालून वाहिनी टाकली, तर त्या मालमत्तेचा घसारा, व्याज आणि परतावा वर्षानुवर्षं सगळ्या ग्राहकांच्या बिलांतून वसूल होतो. त्यासाठी साधारण 70 टक्के कर्ज आणि 30 टक्के भागभांडवल असं प्रमाण धरतात. तीच वाहिनी सरकारी अनुदानातून झाली, तर अनुदानाच्या रकमेवर घसारा आणि परतावा मागता येत नाही आणि दरावर तिचा भार पडत नाही.

दुसरी बाजूही आहे. महावितरणचा दर राज्यभर एकच आहे. मालवणला आणि गडचिरोलीला एकच पायऱ्या, एकच पैसे. त्यामुळे इथल्या लोकांनी वेळेवर बिलं भरली म्हणून त्यांचा दर उतरत नाही, आणि इथे जास्त वेळा लाइट गेली म्हणूनही उतरत नाही. पुरवठा किती वेळात सुरू करायचा याची कृतीची मानकं आयोगानं घालून दिलेली आहेत, मुदत चुकली तर भरपाईही आहे. पण चक्रीवादळासारखी आपत्ती त्यातून वगळलेली. तेव्हा किनाऱ्याला जास्त टिकाऊ जाळं हवं असेल तर ते मागण्याची जागा भांडवली गुंतवणुकीच्या मंजुरीतच आहे. आयोग विचारतो की या खर्चातून काय साधेल. त्याचं उत्तर आकड्यांत देणाऱ्या प्रदेशाची बाजू भक्कम होते: कोणत्या फिडरवर वर्षात किती वेळा लाइट गेली, किती तास गेली, किती बर्फाचं पाणी झालं, किती मासळी टाकून द्यावी लागली.

सुनावणीत कोण बोलतं

जनसुनावणीनं काय होतं, याचा दाखला राज्याच्या पहिल्याच दरप्रक्रियेत आहे. मंडळ वर्षानुवर्षं वीजगळती कमी दाखवत आलं होतं. 2000 च्या आसपास आयोगापुढे हिशेब उघडे झाले, पुण्याचा प्रयास गट, मुंबई ग्राहक पंचायत अशा संस्थांनी आकडे खणून काढले आणि गळती 30 टक्क्यांहून वर असल्याचं पुढे आलं. आजही प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत, ठाणे-बेलापूर आणि विदर्भातल्या उद्योजकांच्या संघटना, महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे अशी मंडळी प्रत्येक अर्जाचा कागद न् कागद वाचतात. कायद्याच्या कलम 94 मध्ये ग्राहकांच्या वतीनं बोलण्यासाठी प्रतिनिधी नेमण्याची तरतूद आहे.

परंपरेनं या सुनावण्या महसुली विभागांच्या शहरांत होतात: अमरावती, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, पुणे आणि कोकणासाठी नवी मुंबई. मालवणहून ते अंतर पाचशे किलोमीटरच्या घरात. रापणकऱ्यानं, बर्फवाल्यानं, खोल्या देणाऱ्या बाईनं दोन दिवस मोडून तिथे जायचं आणि पाच मिनिटं बोलायचं, हे होत नाही. कोकणाच्या नावानं झालेल्या सुनावणीत ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचा आवाज मोठा असणं स्वाभाविक आहे.

या प्रक्रियेची कसोटी 2025 मध्ये लागली. सुनावण्यांनंतर 28 मार्चला आयोगानं पाच वर्षांचा आदेश दिला आणि दर उतरवले. महावितरणनं हिशेबात त्रुटी असल्याचं सांगून फेरविचार मागितला. 2 एप्रिलला आयोगानं आपल्याच आदेशाला स्थगिती दिली. 25 जूनला नवा आदेश आला आणि 1 जुलैपासून नवे दर लागू झाले. 100 युनिटांच्या आतल्या घरांना दिलासा मिळाला. पण या फेरविचारात मार्चपूर्वीसारखी राज्यभर सुनावणी झाली नाही, हा ग्राहक संघटनांचा मुख्य आक्षेप होता आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्यांचा आक्षेप मला मूलभूत वाटतो. लोकांसमोर मांडलेला हिशेब लोकांना न ऐकता बदलला, तर आयोगावरचा विश्वास डळमळतो, आणि त्या विश्वासाशिवाय आयोगाकडे दुसरं बळ नाही.

मालवणनं काय मागावं

आता ऑनलाइन सहभाग घेता येतो आणि हरकत लेखी पाठवता येते. त्यासाठी वकील लागत नाही. अर्जाचा गोषवारा वर्तमानपत्रात मराठीतही छापून येतो. मुदत थोडी असते, साधारण तीन आठवड्यांची, म्हणून तयारी आधीपासून हवी. ती करायला किनाऱ्यावर माणसं आहेत. मच्छीमार सोसायट्या आहेत, पर्यटन व्यावसायिकांचे संघ आहेत, ग्रामसभा आहेत, हिशेब जाणणारे निवृत्त बँकवाले आणि शिक्षक गावोगाव आहेत. बर्फवाल्यांकडे वर्षानुवर्षांची बिलं फाइलला लावलेली आहेत आणि कोणता फिडर कधी पडतो हे वायरमनला तोंडपाठ आहे.

नियंत्रण काळाच्या मध्यावरचा फेरआढावा ही पुढची संधी. त्यासाठी तीन मागण्या पुरेशा आहेत: हंगामी गावांतल्या घरगुती धंद्यांना वार्षिक मर्यादा, मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत बर्फाच्या कारखान्यांना स्थिर आकारात दिलासा आणि किनाऱ्यालगतच्या वाहिन्यांसाठी गंज-वादळाला पुरून उरणारं वेगळं मानक, ज्याचा पैसा शक्य तितका अनुदानातून यावा. यांतली एखादी आयोग नाकारेलही. पण नाकारायची तर कारण लिहावं लागतं. आयोगाच्या प्रत्येक दर आदेशात आलेली हरकत, तिच्यावर महावितरणचं उत्तर आणि त्यावर आयोगाचा निर्णय, अशा तिन्ही गोष्टी छापल्या जातात. ते उत्तर पुढच्या सुनावणीत पुरावा म्हणून वापरता येतं, अपिलात नेता येतं, आमदार-खासदारापुढे ठेवता येतं. उद्योगांच्या संघटना हेच करत आल्या आहेत आणि आदेशांच्या पानांवर त्यांचं म्हणणं जागोजागी दिसतं. मालवणच्या सोसायट्यांनी आणि ग्रामसभांनी आपली बिलं, आपले अंधाराचे तास आणि आपला हंगाम कागदावर मांडून पाठवावा. दर ठरवणाऱ्यांनी किनारा पाहिलेला नसेल, तर तो दाखवण्याची जबाबदारी किनाऱ्याची आहे आणि कायद्यानं त्यासाठी दार उघडं ठेवलेलं आहे.